पुरेसे पाणी, योग्य ऊन

मराठीत कवितासंग्रहाच्या पन्नास प्रती खपतात आणि त्यावर तीन परीक्षणे येतात. 'कुंडीतला भाजीपाला' छापाच्या पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात आणि त्यांच्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. समीक्षक मंडळींच्या घरी कुंड्या नसतात असे नाही. असतात, पण त्यांतल्या तुळशीकडे पाहून त्यांना फार तर एखादी प्रतिमा सुचते. मिरचीला आलेले फूल गळते का, हा प्रश्न कुठल्याही वाङ्मयीन नियतकालिकाने अद्याप चर्चेला घेतलेला नाही. तेव्हा हे काम माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाने अंगावर घेतले तर कोणाच्या पोटात दुखू नये.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी बँकेत कारकून आहे आणि गेली बरीच वर्षे कर्जविभागाच्या टेबलावर बसतो. कर्जाच्या अर्जाला एक प्रकल्प अहवाल जोडलेला असतो. मराठीतला हा सर्वांत कल्पनारम्य वाङ्मयप्रकार आहे. शेळीपालनाच्या अहवालात वीस शेळ्या आणि एक बोकड असतो. दुसऱ्या वर्षी त्यांच्या चाळीस होतात, तिसऱ्या वर्षी ऐंशी. एकही शेळी आजारी पडत नाही, एकही चोरीला जात नाही, जावई आले म्हणून एकही कापली जात नाही. हे वाङ्मय दहा ते पाच वाचून ज्याची नजर तयार झाली, त्याला बागकामाच्या पुस्तकांत परके वाटत नाही. लेखकांची नावे तेवढी वेगळी.

आमच्या घरात अशी पुस्तके २०२० च्या टाळेबंदीत शिरली. त्या दिवसांत सारा मध्यमवर्ग आधी पाव भाजायला शिकला आणि मग मेथी पेरायला. पावाचा नाद सुटला, कुंड्या राहिल्या. तीन पुस्तके विकत घेतली, चार वाचनालयातून आणली, दोन आमच्या हेडकॅशियरांनी वाचायला दिली आणि अजून परत मागितलेली नाहीत, यावरून त्यांचे मत कळावे. शिवाय मोबाइलवरच्या चित्रफिती आहेतच. त्यांत एक हात येतो, कुंडीत बी टाकतो, झारीने पाणी घालतो; आणि पुढच्या क्षणी त्याच हातात टोमॅटोंनी भरलेली टोपली असते. मधले ऐंशी दिवस कात्रीने कापलेले असतात. माणसाचे खरे हाल त्या ऐंशी दिवसांत होतात.

प्रथम भाषेविषयी. या पुस्तकांचा सगळा डोलारा चार शब्दांवर उभा आहे: 'योग्य', 'पुरेसे', 'आवश्यकतेनुसार' आणि 'अधूनमधून'. पाणी पुरेसे घालावे. खत योग्य प्रमाणात द्यावे. छाटणी आवश्यकतेनुसार करावी. माती अधूनमधून हलवावी. आता मी जर काउंटरवर बसून व्हाउचरवर 'ग्राहकास पुरेसे पैसे द्यावेत' असे लिहू लागलो तर मला किती दिवस नोकरीत ठेवतील? पुरेसे म्हणजे किती, हेच तर विचारायला माणूस पुस्तकाकडे गेलेला असतो. पाणी कमी पडले तर रोप मान टाकते. जास्त झाले तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि रोप पुन्हा मानच टाकते. दोन्ही वेळा लक्षण एक आणि उपचार उलटे. नवशिक्याला पहिलेच लक्षण ठाऊक असते. तो घाबरून आणखी पाणी घालतो आणि बुडत्याला तांब्याने पाणी पाजल्यासारखे होते. वास्तविक एवढेच लिहायला हवे की, बोट दोन पेरे मातीत खुपसा. आत कोरडे लागले तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला, ओले लागले तर झारी ठेवून चहा प्या. ही दोन वाक्ये मला नऊ पुस्तकांपैकी एकात सापडली, आणि तीही पान शहात्तरवर, निवडुंगाच्या प्रकरणात.

मातीच्या बाबतीत मात्र हेच लेखक एकदम नेमके होतात. लाल माती इतके भाग, गांडूळखत इतके, नारळाच्या काथ्याचा भुसा इतका, निंबोळी पेंड, वाळू, राख, आणि मूठभर आणखी काही जे फक्त पुण्यात मिळते. अनारशांच्या पिठाला एवढी खटपट नसते. टोमॅटोला हे सगळे लागते, मी नाकारत नाही. पण पहिल्याच खेपेला मेथी पेरणाऱ्या माणसाला हा मसाला सांगणे म्हणजे वरणभाताला आचारी बोलावणे. मुंबईकरांनी समुद्रमेथीच्या चिमुकल्या जुड्या पिढ्यान्पिढ्या खाल्ल्या आहेत. मुळांसकट, पांढऱ्या देठांच्या. ती वाळूत वाढते. बी पहिल्या काही दिवसांची शिदोरी आपल्याबरोबरच घेऊन आलेले असते. इतकी साधी गोष्ट सांगितली तर पुस्तकाची तीस पाने कमी होतील, अशी भीती असावी.

त्यातल्या त्यात धण्यांच्या बाबतीत सर्व लेखक खरे बोलतात, हे त्यांच्या जमेच्या बाजूला लिहितो. धणा दिसतो एक पण त्याच्या आत दोन बिया असतात, तो हलकेच रगडून दोन फाकी करून पेरावा, आणि आठ-दहा दिवस कुंडीकडे रोज डोळे वटारून पाहू नये. हे सगळीकडे आहे आणि बरोबर आहे.

आता कथानक. शेळीपालनाच्या अहवालाप्रमाणेच इथेही कोणी मरत नाही. पान बारावर बी पेरले जाते, पान चौदावर अंकुर, पान सतरावर भाजी आणि पान अठरावर तिची पाककृती. खलनायक सगळे शेवटच्या प्रकरणात, परिशिष्टासारखे एका रांगेत उभे केलेले असतात, तुरुंगात ओळखपरेडीला करतात तसे. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, चुरडा-मुरडा. माझ्या मते या पुस्तकांतला अस्सल मराठी शब्दसंग्रह तो एवढाच. पिठ्या ढेकूण हे नाव ऐकल्यावर आमच्या लहानपणी गल्लीत याच नावाचा एखादा दादा होता की काय असे वाटते. आणि मिरचीची पाने वळून, आक्रसून, मुठी आवळल्यासारखी होतात, त्या रोगाला चुरडा-मुरडा ज्याने म्हटले त्याला भाषेतले कळत होते. पण हे वीर प्रत्यक्षात शेवटच्या प्रकरणात येत नाहीत. ते पान तेरावरच येतात. चार पाने फुटलेली असतात, घरात कौतुक चाललेले असते, आणि देठाशी पांढरा कापूस दिसू लागतो. त्या वेळी वाचक पुस्तक उघडतो तर तिथे पाककृती.

हिशेबाविषयी मी बोललो नाही तर माझ्या पदवीचा अपमान होईल. बहुतेक पुस्तकांच्या मलपृष्ठावर असा भाव असतो की, भाजी घरी पिकवा आणि मंडई विसरा. चार माणसांच्या घरात एका वेळेला अर्धा किलो भाजी सहज लागते. आमच्या सौ.ने पहिल्या वर्षी कुंड्या, माती, खत, बियाणे आणि एक पितळी झारी (ही झारी भांडवली खर्चात धरावी की चैनीत, यावर आमचे एकमत झालेले नाही) मिळून २,३४० रुपये खर्च केले. मी वहीत उत्पन्न बाजारभावाने मांडत गेलो. वर्षअखेर ते ४१० रुपये झाले. शिवाय प्लॅस्टिकच्या कुंड्या उन्हाने कडक होऊन दोन-तीन वर्षांत तडकतात, तो घसारा वेगळा. एवढ्यावर कोणीही आमच्या टेबलावर कर्ज मागायला आला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता.

आणि तरीही धंदा खोटा नाही. तो चुकीच्या खात्यात मांडलेला आहे, इतकेच. फ्लॉवरचे रोप कुंडी अडीच-तीन महिने अडवते आणि एक गड्डा देऊन मोकळे होते. ही मुदत ठेव झाली, तीही बिनव्याजी. पालक कापला की पुन्हा फुटतो, पुदिना तर नको म्हटले तरी फुटतो. ही आवर्ती ठेव. पण खरा नफा ज्या वस्तू घरात चिमूटभर लागतात आणि बाजारात जुडीने घ्याव्या लागतात त्यांत आहे. आमटीला कढीपत्त्याची आठ पाने, चहाला गवती चहाची दोन पाती, पोह्यांवर चार काड्या कोथिंबीर, आणि पावसाळ्यात कोथिंबिरीचा भाव ऐकून माणूस छत्री मिटायला विसरतो तेव्हा तर विचारूच नका. एरवी ती जुडी आणायची, निम्मी वापरायची आणि उरलेली शीतकपाटात काळी करून कचऱ्यात टाकायची, असा आपला रिवाज आहे. कुंडीतली कोथिंबीर ही बचत करते. हे एका तरी पुस्तकाने सांगावे! पण मुखपृष्ठावर कढीपत्ता शोभत नाही, टोमॅटो शोभतो.

इथवरचे दोष मी हसण्यावारी नेले असते. आमच्या शाखेतल्या परिपत्रकांतही हे सगळे असते आणि बँक चालते. पण एका गोष्टीसाठी मात्र मला या पुस्तकांचा राग आहे.

वडील गेल्यावर आई राजापूरकडचे घर बंद करून आमच्याकडे डोंबिवलीला आली. तिचे सारे आयुष्य वाडीत गेले. मांडवावर पडवळ, तोंडली, परसात लाल माठाचे वाफे. गावात कोणाला भोपळ्याचे बी लावायचे असले तर तिला बोलावीत, कारण तिच्या हाताला गुण आहे असे सगळे म्हणत. आपल्याकडे डॉक्टरच्या हाताला गुण असतो तसा पेरणाऱ्याच्याही असतो. तिला करमत नाही म्हणून सौ.ने पुस्तकात सांगितल्याबरहुकूम स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅलरीत तिची मेथी मांडली. ओट्यावरून हात लांबवला की भाजी, असे पुस्तकाचे म्हणणे. दसरा नुकताच झाला होता. मेथी चौथ्या दिवशी उगवली आणि वाढत सुटली. पण वर, वर, काटकुळी, पिवळट, आणि सगळी एका बाजूला कलंडलेली. आठवड्यात आडवी झाली. पुन्हा पेरली, पुन्हा तेच. पुस्तकात शोधले तर लिहिले होते की, योग्य काळजी घेतल्यास हमखास यश मिळते. म्हणजे यश मिळाले नाही तर काळजी योग्य नव्हती. आईने पुस्तक वाचले नव्हते, पण निकाल तिने तोच काढला. कुंडीजवळ बसून म्हणाली, "हाताचा गुण गेला रे माझ्या."

जमाखर्चाच्या दृष्टीने ही लबाडी आहे. नफा झाला तर पुस्तकाच्या खाती जमा, तोटा झाला तर वाचकाच्या हाताच्या नावे. सत्तर वर्षांच्या बाईला आपल्या हातांवर संशय घ्यायला लावणारे वाङ्मय, त्यावर टोमॅटोचे कितीही सुंदर चित्र असो, निर्दोष म्हणता येणार नाही.

कारण दोष हातात नव्हता आणि काळजीतही नव्हता. ती गॅलरी उत्तरेला आहे. दसऱ्यापासून मार्चपर्यंत तिच्यात थेट ऊन येतच नाही. उजेड कमी पडला की रोप पानांवर खर्च करत नाही. असेल नसेल ते उंचीवर लावते आणि उजेडाच्या दिशेने धाव घेते. कलंडलेली मेथी बिचारी बोट दाखवून सांगत होती की, ऊन तिकडे आहे.

नऊ पुस्तकांपैकी एकही पुस्तक उन्हापासून सुरू होत नाही. कुंडीपासून सुरू होतात, कारण कुंडी विकत मिळते. भांडवल म्हणून कुंडी, माती, बी मोजतात आणि ज्याच्यावर हा सगळा कारखाना चालतो ते ऊन 'योग्य' या विशेषणाखाली दाबून टाकतात. टोमॅटो, वांगी, मिरची यांना दिवसाला सहा तास तरी ऊन हवे. पालेभाजी चार तासांवर भागवते. पुदिना, अळू त्याहून कमी असले तरी कुरकुरत का होईना जगतात. फळ हवे तर ऊन जास्त, पान हवे तर थोडे कमी. हा एक नियम पहिल्या पानावर घातला असता तर किती कुंड्या जिन्याखाली पालथ्या पडायच्या वाचल्या असत्या.

शिवाय हे ऊन वर्षभर जागेवर बसत नाही. आमच्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीवर वरच्या मजल्याची स्लॅब टोपीसारखी सावली धरते आणि ऐन उन्हाळ्यात कुंड्या अंधारात. उलट डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही दक्षिणेकडे निम्म्या आभाळावरच येतो आणि ऊन तिरपे, थेट दिवाणखान्यातल्या सोफ्यापर्यंत घुसते. तेव्हा फ्लॅटवाल्याची शेती दसऱ्याला सुरू व्हावी आणि होळीला आटपावी. पुस्तके मात्र मृग नक्षत्राचा मुहूर्त देतात. तो शेतकऱ्याचा मुहूर्त आहे, त्याला पाऊस हवा असतो. आम्हाला नळ आहे. मृगात पेरले तर गॅलरीत ढगांचा अंधार आणि बी पागोळ्यांबरोबर खालच्या मजल्यावर. तिथल्या वहिनींच्या कुंडीत आमचा माठ छान उगवला होता.

एका रविवारी मी हॉलच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलो आणि दर तासाला उन्हाची कड खडूने फरशीवर आखत गेलो. सौ. म्हणाली, "अहो, हे काय पोरांसारखं?" आई मात्र येऊन बघून गेली. नऊपासून तीनपर्यंत रेघा झाल्या. मेथीचा ट्रे तिकडे नेला. या वेळी रोपे बुटकी राहिली, पाने गोल आणि गडद आली. आई विशेष काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या गॅलरीकडे पाहत म्हणाली, "ही आपली न्हाणीमागची जागा. न्हाणीमागे कोण मेथी लावतं? तिथं अळू."

आणि मग माझ्या लक्षात आले की वाडीत ऊन कोणी मोजत नव्हते, कारण मोजण्याची गरज नव्हती. न्हाणीच्या सांडपाण्यावर, सावलीत, अळू आणि केळ, अंगणाच्या उन्हात माठ, मांडवावर वेल. जागेला झाड शोधायचे अशी तिथली रीत. आमची पुस्तके झाड आधी ठरवतात आणि मग त्याला जागेत कोंबतात. आईचा हातगुण म्हणजे निम्मा जागेचा गुण होता. अळूचे दोन कांदे तिने गावाहून मागवले. थंडीत ते बसून राहिले, पावसाळ्यात पसरले. वड्या झाल्या.

उन्हाचा हिशेब मांडणारा कोणी मराठी लेखक झालाच नाही असे मात्र नाही. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवर भाजी करणाऱ्या गृहिणींपर्यंत सगळ्यांना आपापल्या जागी प्रयोग करायला लावले. त्यांच्या 'विपुलाच सृष्टी'मध्ये मूळ सूत्र हेच आहे की, पान म्हणजे ऊन साठवणारी यंत्रणा. किती चौरस फूट पानांवर किती तास ऊन पडले यावर पीक ठरते. हे वाचताना माझ्यातला कॉमर्सवाला खुर्चीत सावरून बसला. ठेव किती, मुदत किती, व्याज किती! नवशिक्याने मात्र ते पुस्तक पहिल्या दिवशी उघडू नये. मेथी लावायला गेलेला माणूस मुळांच्या टोकांवरून समाजरचनेवर पोहोचतो आणि मेथी राहून जाते. मुंबईत वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी स्वतःच्या गच्चीवर उसाची चिपाडे आणि थोडी माती भरून पिशव्यांत आणि पिंपांत भाज्या, फळे काढली. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरही तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलली. चिपाडे, पालापाचोळा वापरण्यात एक व्यवहारी शहाणपण आहे: एका बारा इंची कुंडीत ओली माती भरली की ती वीस किलोच्या पुढे जाते. अशा चाळीस कुंड्या गच्चीवर ठेवल्या की आपण वरच्या मजल्यावर एक म्हैस बांधली आहे असे समजावे, आणि सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढून आले तर त्यांचे काही चुकले असे म्हणू नये.

या दोघा-तिघांत आणि बाजारू पुस्तकांत फरक ज्ञानाचा नाही. त्यांनी आपले फसलेलेही पाहिले होते आणि इतरांना पाहायला सांगितले. आमच्याकडे नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज अनुत्पादक ठरवतात. खातेदाराला कोणी कपाळकरंटा म्हणत नाहीत. खाते का बिघडले याची नोंद करतात. प्रत्येक बागकामाच्या पुस्तकात असे एक पान असावे. लेखकाच्या स्वतःच्या घरी किती रोपे मेली, कशाने, कितव्या दिवशी. ते पान वाचून वाचक घाबरणार नाही. उलट त्याला सोबत वाटेल.

आमचे हेडकॅशियर पुढच्या महिन्यात निवृत्त होतात. सहा कुंड्या त्यांनी आधीच आणून ठेवल्या आहेत. परवा डबा खाताना त्यांनी विचारले, "एवढी वाचलीत, तर सांगा, सुरुवातीला कुठलं पुस्तक चांगलं?"

मी विचारले, "तुमची गॅलरी कुठल्या दिशेला आहे?"

त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "बघून सांगतो." अठ्ठावीस वर्षे ते त्या घरात राहतात.